दुर्ग, वतन आणि राज्य : ‘आज्ञापत्रा’तील प्रदेशविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

कोणत्याही राज्यापुढे, विशेषतः साम्राज्यपदाकडे वाटचाल करणाऱ्या राज्यापुढे, तीन कामे असतात : प्रदेश मिळवणे, मिळालेला प्रदेश चालवणे आणि तो राखणे. इतिहासग्रंथांत ही तीन कामे बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत विभागलेली आढळतात. मिळवण्याची हकीकत लढायांच्या प्रकरणात येते, चालवण्याची राज्यव्यवस्थेच्या प्रकरणात येते आणि राखता न आल्याची हकीकत ऱ्हासाच्या प्रकरणात येते. प्रत्यक्षात ही तिन्ही कामे एकमेकांत गुंतलेली असतात. प्रदेश ज्या रीतीने मिळवला, त्यावर तो कसा चालवावा लागेल हे बरेचसे अवलंबून असते. आणि तो ज्यांच्या हातून चालवला जातो, त्यांच्या निष्ठेवर तो राखला जाणार की नाही हे अवलंबून असते. रोमन साम्राज्याने रस्ते आणि सरहद्दीवरील कायम छावण्या यांच्या आधारे या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. मोगलांनी मनसबदारी आणि बदलती जहागीर यांच्या आधारे दुसरे उत्तर शोधले. सतराव्या शतकात सह्याद्रीच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या मराठी राज्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याची सर्वांत सुसंगत लेखी मांडणी रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते.

मराठीच्या अभ्यासात ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ अपरिचित नाही. पदव्युत्तर वर्गांत तो शिवकालीन गद्याचा नमुना म्हणून शिकवला जातो, आणि इतिहासाचे अभ्यासक त्याकडे शिवाजी महाराजांच्या राजनीतीचा अर्क म्हणून पाहतात. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. ज्या काळात या ग्रंथातील तत्त्वे मोडीत निघत होती, नेमक्या त्याच काळात तो लिहिला गेला आहे, आणि ती तत्त्वे मोडण्यात स्वतः लेखकाचाही हात होता. ‘आज्ञापत्रा’तील प्रदेशविषयक विचाराची ही अंतर्गत ओढाताण तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

रामचंद्र नीलकंठ हे नीलो सोनदेवांचे पुत्र. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत अमात्यपदी ते होते. पुढे १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना दक्षिणेत जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. अशा वेळी महाराष्ट्रातील राज्यकारभाराची सूत्रे रामचंद्रपंतांकडे आली आणि ‘हुकूमतपनाह’ ही पदवी त्यांना मिळाली. राजा शेकडो कोस दूर, राजधानी शत्रूच्या ताब्यात, खजिना रिकामा आणि खुद्द औरंगजेब बादशहा दख्खनमध्ये तळ देऊन बसलेला, अशा परिस्थितीत राज्य तगवून धरण्याचा अनुभव या पुरुषाने घेतला होता.

ग्रंथ सिद्ध झाला तो १७१५ च्या सुमारास. तोपर्यंत औरंगजेब मरण पावून आठ वर्षे लोटली होती. शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली होती. १७०८ साली साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला होता. मराठी राज्य सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्यांत विभागले गेले होते. १७१४ साली पन्हाळ्यावर ताराबाईंची सत्ता जाऊन राजसबाई व त्यांचे पुत्र संभाजी यांच्या हाती कारभार आला. ‘आज्ञापत्र’ हे या कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावे काढलेल्या राजाज्ञेच्या रूपात आहे. अविभक्त राज्याची नीती सांगणारा हा ग्रंथ विभक्त राज्याच्या एका गादीच्या नावे लिहिला गेला, ही गोष्ट त्याच्या वाचनात सतत ध्यानात ठेवावी लागते.

दुर्ग : प्रदेशाचे एकक

‘आज्ञापत्रा’तील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण दुर्गांचे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्ग हे राज्याच्या सात अंगांपैकी एक अंग मानले आहे. रामचंद्रपंतांनी त्याला सर्व अंगांच्या वर नेऊन बसवले. किल्ले नसलेला मोकळा मुलूख परचक्र येताच उजाड होतो, रयत परागंदा होते आणि मग राज्य म्हणून काही उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्रदेश म्हणजे केवळ जमिनीचा विस्तार नव्हे. संकटकाळी जेथे उभे राहता येते आणि जेथून पुन्हा बाहेर पडता येते, अशा ठिकाणाच्या वचकाखालील मुलूख म्हणजे प्रदेश, ही त्यांची धारणा यातून व्यक्त होते.

ही धारणा केवळ ग्रंथगत नव्हती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना काय दिले, याचा हिशेब परगण्यांत केलेला नाही. तेवीस किल्ले व त्यांखालील चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांकडे गेला, आणि बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे राहिला. येथे किल्ला हे मोजमापाचे एकक आहे आणि मुलूख त्याला जोडून आलेला आहे. १६७० साली गमावलेला प्रदेश परत घेण्याची मोहीम सुरू झाली तीही सिंहगडापासून, म्हणजे पुन्हा किल्ल्यांच्याच क्रमाने.

नवा प्रदेश मिळवण्याविषयी ग्रंथात सांगितलेली रीतही याच धारणेला धरून आहे. परमुलखात एकदम खोल शिरण्याऐवजी आपल्या सरहद्दीलगत मोक्याचे स्थळ बांधून घ्यावे, त्याच्या आश्रयाने आसपासचा मुलूख कबजात आणावा, मग पुढचे स्थळ बांधावे, असा हा पायरीपायरीचा मार्ग आहे. प्रदेश मिळवणे व राखणे ही कामे येथे वेगळी राहत नाहीत. जे स्थळ प्रदेश मिळवून देते, तेच तो राखते.

दुर्गबांधणीचे तपशील वाचताना लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव जाणवतो. किल्ल्याजवळ त्याहून उंच वा त्यावर मारा करता येईल असा डोंगर नसावा. असल्यास सुरुंग लावून तो खाली आणावा, ते शक्य नसल्यास तोही बांधून घ्यावा. दरवाजा समोरून दिसेल असा नसावा, बुरुजांच्या आड असावा. आधी पाणी पाहावे, मगच किल्ला बांधावा. केवळ झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून साठ्याची टाकी असावीत. वेढ्यात सापडलेल्या माणसांचे हाल ज्याने पाहिले आहेत, त्याची ही दक्षता आहे.

परंतु या प्रकरणाचा खरा भर दगडी बांधकामावर नाही, माणसांवर आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांच्या नेमणुका व ठराविक मुदतीने होणाऱ्या बदल्या यांचे विवेचन लेखकाने आस्थेने केले आहे. एकाच किल्ल्यावर सारखी योग्यता असलेले तीन अधिकारी ठेवण्याची शिवाजी महाराजांची पद्धत सभासद बखरीतही नोंदवलेली आहे. ही बखर कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजी येथे लिहिली. एकट्याच्या हातात किल्ला नसावा, आणि जो आहे त्याने तेथे मूळ धरू नये, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे. औरंगजेबाने १६९९ ते १७०५ या काळात स्वतः फिरून साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत जे किल्ले घेतले, त्यांतील अनेक किल्ले किल्लेदारांशी वाटाघाटी करून व पैसा देऊन घेतलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या सूत्रामागचे कारण उलगडते. किल्ला अभेद्य असला तरी किल्लेदार अभेद्य असतोच असे नाही. बादशहाची पाठ वळताच मराठ्यांनी यांतील बरेच किल्ले परत घेतले, तेही नेहमीच सुलतानढवा करून घेतले असे नाही.

वतनदार : राज्यातला वाटेकरी

ज्या भीतीपोटी किल्लेदारांच्या बदल्या सुचवल्या, तीच भीती वतनदारांच्या प्रकरणात उघडपणे प्रकट होते. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील हे नावाला राज्याचे चाकर. वस्तुतः ते आपापल्या जागी लहानसे राजेच असतात, असे रामचंद्रपंतांचे निदान आहे. त्यांना उद्देशून ‘दायाद’ हा शब्द त्यांनी योजला आहे. दायाद म्हणजे वारसाहक्काने वाटा मागणारा भाऊबंद. हा शब्द कायद्याच्या परिभाषेतला आहे, आणि तो फार विचारपूर्वक निवडलेला आहे. शत्रू बाहेरून येतो व राज्य हिरावून घेऊ पाहतो. दायाद घरातच असतो आणि त्याचा वाटा आपण नाकारू शकत नाही. परचक्र आले की हा दायाद वतन राखण्यासाठी सर्वांआधी शत्रूला जाऊन भेटतो व घरचा भेद त्याला सांगतो, हा अनुभव लेखकाने नोंदवला आहे. त्यावरील उपाय मात्र मध्यममार्गी आहे. वतनदारांचे उच्चाटन करू नये, त्यांचा रास्त हक्क त्यांना पावावा; मात्र त्यांना बळावू देऊ नये, त्यांच्यावर हुकमत राहावी.

याच विचाराला जोडून वृत्तींविषयीचे प्रकरण येते. चाकरीबद्दल जमीन इनाम देण्यास रामचंद्रपंतांचा विरोध आहे. चाकराला वेतन मिळते, त्याबद्दल चाकरी करणे हा त्याचा धर्मच आहे. विशेष पराक्रमाबद्दल त्याचा अन्य प्रकारे गौरव करावा, पण जमीन तोडून देऊ नये, कारण दिलेली जमीन म्हणजे राज्याचा कायमचा कमी झालेला भाग, असे त्यांचे म्हणणे आहे.

येथे ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्यातील विसंगती समोर येते. १६८९ नंतरच्या दशकात औरंगजेब व राजाराम महाराज या दोन्ही पक्षांकडून वतने, इनामे व सरंजाम यांच्या सनदा मोठ्या प्रमाणावर दिल्या गेल्या. मराठी सरदारांनी मोगलांकडे जाऊ नये यासाठी त्यांना अजून न जिंकलेल्या प्रदेशांचीही आश्वासने द्यावी लागली. १६९१ साली घोरपड्यांना दिलेल्या अशाच एका आश्वासनपत्रात जिंकावयाच्या स्थळांत दिल्लीचाही समावेश आहे. महाराष्ट्रातला कारभार तेव्हा ज्यांच्या हाती होता, ते रामचंद्रपंत या धोरणाचे साक्षीदार तर होतेच, अंमलदारही होते. खुद्द त्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर आली आणि पुढे पंत अमात्य बावडेकर हे कोल्हापूर राज्यातील मोठे जहागीरदार घराणे म्हणून विसाव्या शतकापर्यंत नांदले.

या विसंगतीकडे दांभिकपणा म्हणून पाहणे सोपे आहे, पण न्याय्य होणार नाही. १६८९ साली खजिन्यात रोकड वेतन देण्याजोगा पैसा नव्हता. ज्या साधनाने राज्य वाचवता आले, ते साधन राज्याला पुढे पोखरणार हे या कारभाऱ्याने हाताने सनदा देतानाच ओळखले असावे. ‘आज्ञापत्रा’तील वतनदारांवरच्या टीकेचा कडवटपणा पुस्तकी नाही, तो या अनुभवातून आलेला आहे, असे म्हणावयास जागा आहे.

दोन वाचने

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी अभ्यासकांत आढळतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेची वैशिष्ट्ये सांगताना डोंगरी किल्ल्यांना दिलेले महत्त्व, वंशपरंपरेने पदे न देणे व जमिनी तोडून न देणे यांचा निर्देश केला आणि या तत्त्वांपासून ढळणे हे पुढील ऱ्हासाचे कारण मानले. हे वाचन मुळात ‘आज्ञापत्रा’च्या विचारसरणीशी मिळतेजुळते आहे.

डच इतिहासकार आंद्रे विंक यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अठराव्या शतकातील मराठी स्वराज्यावरच्या ग्रंथात नेमकी उलट बाजू मांडली. त्यांच्या मते फितवा, म्हणजे स्थानिक वतनदारांना फोडून आपल्या बाजूस वळवणे, हा भारतीय सत्तांच्या विस्ताराचा नेहमीचाच मार्ग होता. तो अपवाद वा विकृती नव्हता. वतनदारांचा सह-अधिकार हे सार्वभौमत्वाचे वास्तव रूप होते. या दृष्टीने पाहता ‘आज्ञापत्रा’तील ‘दायाद’ हा शब्द तक्रारीचा न राहता वस्तुस्थितीचे यथातथ्य वर्णन ठरतो.

विंक यांच्या मांडणीने रानड्यांच्या नैतिक सुरातील एकांगीपणा दूर होतो, हे मान्य करावे लागते. तथापि तिच्यातही एक उणीव राहते. फितवा हा सर्वांचाच मार्ग असेल, तर तो एका राज्याला तारतो आणि दुसऱ्याला बुडवतो हे कसे, याचा उलगडा केवळ त्या संकल्पनेने होत नाही. रामचंद्रपंतांचे लक्ष नेमके येथे होते. वतनदार दोन्ही पक्षांना उपलब्ध असतो. म्हणून ज्या राज्याजवळ त्याच्यावाचूनही उभे राहण्याचे साधन असेल, तेच त्याचा उपयोग करून घेऊ शकते. ते साधन म्हणजे किल्ला, रोकड वेतन घेणारा सैनिक आणि बदलता अधिकारी. दुर्गांचे प्रकरण व वतनदारांचे प्रकरण यांचा असा परस्परसंबंध लावला म्हणजे ग्रंथाचा आंतरिक आराखडा स्पष्ट होतो.

टोपीकर आणि आरमार

किनारपट्टीच्या संदर्भातही हीच दृष्टी दिसते. सावकारांविषयी ग्रंथात आदर आहे. त्यांच्यामुळे राज्याला शोभा येते आणि दूरदेशीच्या वस्तू मिळतात. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच अशा टोपीकरांना मात्र इतर सावकारांच्या पंक्तीत बसवलेले नाही. त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना जमिनीचा लोभ आहे आणि आरमार, तोफा व दारूगोळा हे त्यांचे बळ आहे. म्हणून त्यांना समुद्रकाठी वा खाडीच्या मुखाशी वखारीसाठी जागा देऊ नये, देणे भागच पडले तर ती आत, आपल्या नजरेखाली असावी आणि तेथे पक्की इमारत उभारू देऊ नये, असा इशारा आहे. वखारीच्या भिंतीत उद्याचा किल्ला पाहणारी ही नजर दुर्गविचारातूनच आलेली आहे.

आरमाराच्या खर्चासाठी बंदरांचे उत्पन्न न लावता स्वतंत्र मुलूख नेमून द्यावा, नाहीतर सावकारांना उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील, हा विचारही मार्मिक आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, कारण ती त्यांनी लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, हा भाग सर्वपरिचित आहे. त्यातील करुणा खरी आहे. तीमागे हिशेबही आहे. दुखावलेली रयत गाव सोडून जाते, आणि रयत नसलेला प्रदेश किल्ल्याला पोसू शकत नाही. असे असले तरी संपूर्ण ग्रंथात रयत ही राखावयाची वस्तू म्हणून येते, राखणारी म्हणून येत नाही, ही त्याची मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे.

ग्रंथाचे मौन आणि पुढील इतिहास

‘आज्ञापत्रा’तील आणखी एक मर्यादा त्याच्या विषयनिवडीत आहे. किल्ल्यांनी वेढलेल्या मुलखाबाहेरील प्रदेशाचे काय करावे, याचे स्वतंत्र विवेचन करणारे प्रकरण त्यात नाही. पण मराठी सत्तेचा विस्तार तेथेच होणार होता. ग्रंथ लिहून झाल्यावर चारच वर्षांनी, १७१९ साली, बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई हा उत्पन्नाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी हा दहावा. यात जमिनीवरील स्वामित्व मोगलांचे राहिले व वाटा मराठ्यांचा झाला. म्हणजे साम्राज्याच्या पहिल्याच पायरीवर मराठी सत्ता स्वतः मोगलांची दायाद बनली. जी भूमिका रामचंद्रपंतांनी आपल्या राज्यातील वतनदारांत धोकादायक मानली होती, तीच घेऊन ती उत्तरेत गेली. माळव्यात, गुजरातेत व त्यापुढे सरंजामी सरदारांच्या हातून हा विस्तार झाला. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, पण वाटेत पायरीपायरीने बांधलेली स्थळे नव्हती. १७६१ च्या पानिपतात माघारीचा भरवशाचा आश्रय जवळ नव्हता, या गोष्टीचे स्पष्टीकरण केवळ सेनापतीच्या चुकांत शोधणे पुरेसे नाही.

अर्थात ‘आज्ञापत्रा’ची रीत अनुसरून दिल्लीपर्यंत जाता आले असते, असेही म्हणता येत नाही. पायरीपायरीने स्थळे बांधत जाण्याची रीत डोंगरी मुलखाला साजेशी होती. गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात ती तितक्याच सहजपणे लागू पडली नसती. सह्याद्रीतील राज्य राखण्याचे हे शास्त्र साम्राज्य चालवण्यास अपुरे होते, आणि साम्राज्य चालवण्याच्या ज्या रीती अंगीकारल्या गेल्या, त्यांनी मूळ राज्याचा पाया ढिला केला. ही कोंडी ग्रंथाला सोडवता आली नाही. ती सोडवण्याची संधीही १७१६ साली मृत्यू पावलेल्या ग्रंथकाराला मिळाली नाही.

किनाऱ्यावर त्यांचे इशारे अधिक थेटपणे खरे ठरले. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्रे यांचा पाडाव केला. विजयदुर्गाला आंग्र्यांचे आरमार जळाले. अंतर्गत वाटेकऱ्याला नमवण्यासाठी टोपीकराची मदत घेण्यात आली आणि कोकण किनाऱ्यावरील सर्वांत बळकट मराठी आरमार त्यात नष्ट झाले. १८१८ साली इंग्रज फौजांनी काही महिन्यांतच सिंहगड, रायगड असे किल्ले घेतले. उखळी तोफांच्या माऱ्यापुढे डोंगरी किल्ल्यांचे जुने बळ टिकले नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत साताऱ्याहून एल्फिन्स्टनने काढलेल्या जाहीरनाम्यात वतने, इनामे व देवस्थानांच्या नेमणुका चालू राहतील असे आश्वासन होते. वतन सुरक्षित राहते म्हटल्यावर राज्य कोणाचे हा प्रश्न अनेक वतनदारांच्या दृष्टीने दुय्यम ठरला. पुढे सत्ता दृढ झाल्यावर, १८५२ सालच्या कायद्याने इनाम कमिशनमार्फत त्याच हक्कांची कसून तपासणी सुरू झाली. आधी वतनदाराला संतुष्ट ठेवावे आणि मग त्याला बळावू देऊ नये, हा ‘आज्ञापत्रा’तील उपदेश शेवटी परकीय सत्तेने अमलात आणला.

समारोप

‘आज्ञापत्र’ हा केवळ दुर्गांचा गौरवग्रंथ नाही आणि निव्वळ आदर्श राजनीतीचा पाठही नाही. प्रदेश मिळवताना ज्यांची मदत घ्यावी लागते, तेच तो राखण्याच्या आड येतात, हा साम्राज्यांच्या इतिहासातील मूलभूत पेच त्यात एका अनुभवी कारभाऱ्याने मांडला आहे. किल्ला, रोकड वेतन व बदल्या हे त्याने सुचवलेले उपाय त्या पेचावरचे मर्यादित उपाय आहेत. आणि स्वतः त्याला, १६८९ नंतरच्या निकडीत, ते पाळता आले नाहीत. म्हणून हा ग्रंथ वर्गात शिकवताना त्यातील वचनांची थोरवी सांगून थांबणे योग्य नव्हे. त्या वचनांमागे सनदा देणारा हात कोणाचा होता, ही बाबही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. तसे केल्याने रामचंद्रपंतांची प्रतिमा उणावत नाही. आपल्याच हातून जे घडले त्याचे दुष्परिणाम ओळखून ते पुढील पिढीसाठी लिहून ठेवणारा राजकारणी इतिहासात विरळाच आढळतो.